नववी तार

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की बदलापुरातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, भरदुपारी, बाहेरून आलेल्या तज्ज्ञांच्या डोळ्यांदेखत, नऊ आणि चार हे दोन आकडे एका पेटीत शिरले आणि पलीकडून चार आणि नऊ होऊन बाहेर पडले. जीवितहानी झालेली नाही. अफवांवर विश्वास ठेवू नये.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? नऊ-चार काय आणि चार-नऊ काय, बेरीज तेराच. माझी बायकोही हेच म्हणाली. पण त्या दोन आकड्यांच्या मागे माझी आठ वर्षं रांग लावून उभी होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी त्याच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. शहाणी माणसं ज्या वयात गुडघ्यांची काळजी घ्यायला लागतात, त्या वयात मी पीएचडीला नाव नोंदवलं. विषय घेतला उलट्या दिशेने चालू शकणाऱ्या सर्किटांचा. आणि मार्गदर्शक कोण मिळाल्या? माझ्याच जुन्या विद्यार्थिनी. खिडकीबाहेर बघत बसतात म्हणून त्यांना मी एकदा वर्गाबाहेर काढलं होतं. त्या ज्या बाहेर पडल्या त्या परदेशात जाऊन डॉक्टरेट घेऊनच परत आल्या. आता त्या मला "सर" म्हणायच्या, मी त्यांना "मॅडम", आणि दोघंही एकमेकांना जरा दबकून असायचो. फरक इतकाच, की माझ्या दबकण्याला कारण होतं.

उलटं चालणारं सर्किट म्हणजे काय, ते दोन मिनिटांत सांगतो. साध्या कॅल्क्युलेटरला विचारलं, तीन अधिक चार किती, की तो सांगतो सात. आता तो सात त्याच्या हातात देऊन विचारा, बाबा रे, हे तू कशाकशातून केलंस? तीन-चार, पाच-दोन, की सहा-एक? त्याला आठवत नाही. उत्तर सापडलं की प्रश्न विसरायचा, ही आपल्या सगळ्या यंत्रांची सवय. आणि पदार्थविज्ञान असं सांगतं, की यंत्र काही विसरलं की त्याची किंमत म्हणून थोडी उष्णता बाहेर पडते. म्हणून काही लोकांच्या डोक्यात आलं, की काहीच न विसरणारं सर्किट करावं. उत्तर मागच्या दाराने आत ढकललं की पुढच्या दाराने मूळ प्रश्न जसाच्या तसा बाहेर आला पाहिजे.

हे सगळं मी मोठ्या थाटात बायकोला जेवताना समजावलं होतं. "यंत्र विसरतं तेव्हा तापतं," मी म्हणालो.

"तुमचं उलटं आहे," ती पोळी वाढत म्हणाली. "तुम्ही विसरून अगदी गार असता. तापते मी."

अशी सर्किटं हाताने काढत बसलं तर आयुष्य पुरणार नाही, म्हणून त्यासाठी खास प्रोग्रामिंगच्या भाषा आहेत. त्या भाषेत प्रोग्राम लिहायचा, मग तिचा कंपायलर त्याचं सर्किट करून देतो, प्रत्येक ओळीची दोन-चार गेटं, म्हणजे सर्किटाचे छोटे छोटे ठोकळे. ऐकायला किती सोपं. मी तर म्हणालो, अठ्ठावीस वर्षं प्रोग्रामिंग शिकवतोय, एक भाषा काय, महिन्याभरात खिशात.

पहिल्याच ओळीला ती भाषा माझ्यावर डाफरली. मी लिहिलं होतं, क्ष बरोबर शून्य. पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पहिल्या तासाला मी हेच शिकवत आलो, आधी डबा रिकामा करा, शून्य घाला, मग कामाला लागा. इथे ते चालत नाही, कारण डब्यात आधी काय होतं ते पुसलं जातं. डब्यात मिळवा, डब्यातून काढा, दोन डब्यांची अदलाबदल करा, सगळं करा. पुसायचं मात्र नाही. माझी बोटं सवयीने दर तिसऱ्या ओळीला पुसायला जात आणि कंपायलर दर तिसऱ्या ओळीला मला वर्गाबाहेर काढी. मॅडम शेजारी बसून बघत होत्या. हसल्या नाहीत, पण खिडकीबाहेर बघायला लागल्या.

'जर' लिहिणं तर त्याहून अवघड. साध्या भाषेत तुम्ही लिहिता, जर असं असेल तर या वाटेने जा, नाहीतर त्या. पुढे दोन्ही वाटा एक झाल्या की संपलं. या भाषेत त्या संगमावरही एक पाटी लावावी लागते, की अमुक अट खरी असेल तर आपण या वाटेने आलो, खोटी असेल तर त्या. कारण प्रोग्राम खालून वर चालवायचा झाला तर हा संगम म्हणजेच फाटा, आणि फाट्यावर पाटी नको का? आपल्याकडे नसते तो भाग वेगळा.

एवढा सासुरवास सोसल्यावर बक्षीस काय? तर प्रोग्राम पुरा झाला, की एकच शब्द लिहायचा आणि तो शेवटच्या ओळीवरून उलट्या पावलांनी पहिल्या ओळीपर्यंत चालत येतो. माझ्या पहिल्या चार ओळी अशा मागे चालत आल्या तेव्हा मी धावत स्टाफरूममध्ये गेलो. तिथे सिव्हिलचे एक सर चिकू खात बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बी बाजूला ठेवली आणि विचारलं, "पण मागे कशाला यायचं?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

मॅडम म्हणाल्या, "सर, उदाहरण सोपं घ्या. दोन आकडे घ्या. लहान आधी, मोठा नंतर, असे लावून दाखवा. आणि मग उलटं चालवून जसे होते तसे परत आणा."

याहून सोपं काय असणार? मी लिहिलं: पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा असेल तर दोघांची अदलाबदल कर. झालं. आता संगमावरची पाटी. काय लिहायचं? अदलाबदल केली तरी शेवटी लहान आधी, मोठा नंतर. नाही केली तरी तेच. दोन्ही वाटांनी आलेली माणसं दिसायला हुबेहूब. कोण कुठून आलं ते कसं सांगणार?

त्या पाटीवर मी सात महिने घालवले. हो, सात. मला वाटत होतं, काहीतरी युक्ती असणार आणि ती मला सापडणार. रिक्षात बसलो की पाटी, वर्गात फळ्याकडे तोंड केलं की पाटी. मी अट लिहायची, कंपायलरने नाही म्हणायचं, हा आमचा संसारच झाला.

तेवढ्यात एका रविवारी बायकोने स्वयंपाकघरातले डबे आवरले. ओट्याच्या वरच्या फळीवर सगळे उंचीने लावले, लहान आधी, मोठा शेवटी. दिसायला सुंदर. मी चहा करायला गेलो तर चहापत्तीचा डबा सापडेना.

"आधी इथे मधे होता ना?" मी म्हणालो.

"आधी कुठे होता ते आता कशाला? आता लावलेत ना नीट?"

"पण कुठला कुठे होता हे तुला आठवतं का?"

"मी काय लिहून ठेवलंय?" ती म्हणाली.

मी चहा न पिता मॅडमना फोन लावला आणि म्हणालो, आधी काय होतं ते लिहून ठेवल्याशिवाय मागे जाता येणार नाही. मॅडम म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, सर. एक जास्तीचा बिट लागेल. अदलाबदल झाली की नाही, एवढंच तो लिहून ठेवेल. त्याच्याशिवाय हे होत नाही, कोणालाच होत नाही." आणि वर, "सात महिन्यांपूर्वीच सांगणार होते, पण तुम्ही इतके रंगला होता."

सर्किटात एका बिटाला एक तार, अशी ती नववी तार माझ्या आयुष्यात आली. चार तारा पहिल्या आकड्याच्या, चार दुसऱ्याच्या, आणि ही एक. तिच्यावर आकडा नाही, दिवा नाही. अदलाबदल झाली असेल तर तिच्यावर एक, नसेल तर शून्य. पाटीवर मी तेच लिहिलं आणि कंपायलरने सात महिन्यांत पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं.

पुढची वर्षं वह्या, आकृत्या, पेपर आणि मुदतवाढी यांत गेली. शेवटी पीएचडीच्या समितीने पत्र पाठवलं. कागदावरचं आणि लॅपटॉपवरचं पुष्कळ झालं, आता चालतं सर्किट समोर दाखवा. ही शेवटची मुदतवाढ. दाखवता आलं नाही तर नोंदणी रद्द. मॅडमनी पत्र माझ्यापुढे ठेवलं. मी हिशेब केला, पुन्हा नाव नोंदवलं तर डॉक्टर होईपर्यंत मी निवृत्त होईन, आणि मग नावाआधी 'डॉ.' लावून दाखवायचं कोणाला, कोण जाणे.

सामान आणायला उल्हासनगरला गेलो, कॅम्प तीनमध्ये. एका बाजूला जीन्स शिवणाऱ्या मशीनची घरघर, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सची बोळकांडी. तिथे एक सिंधी शेठ आहेत. चिप, बटणं, आकडे दाखवणारे डिस्प्ले, काहीही मागा, ते मागे न बघता हात घालून काढतात.

"साईं, बनता क्या है इसका?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "दो नंबर डालेंगे. बीच में छोटा पहले, बडा बाद में दिखेगा. फिर उल्टा चलेगा, तो जैसे डाले थे वैसे वापस."

"मतलब लास्ट में वही मिलेगा जो पहले था?"

"हां."

"तो साईं, डालते क्यों हो?"

त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर पाटी होती, 'बिका हुआ माल वापस नहीं होगा'. मी पिशवी उचलली आणि शेअर रिक्षाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

घरी जेवणाच्या टेबलावर मी दोन बोर्ड जोडले. डाव्या बोर्डात सरळ सर्किट, उजव्यात त्याचंच उलटं. दोघांच्या मधे नऊ तारा. डावीकडे बटणांनी दोन आकडे द्यायचे, मधल्या डिस्प्लेवर ते लहान-मोठे लागलेले दिसायचे, आणि उजव्या टोकाला मूळ आकडे परत. चाललं सुद्धा. मी टाळी वाजवली. मग पंखा लावला आणि दोन तारा उडाल्या. त्या लावल्या, तर बायकोने टेबल पुसताना तिसरी निघाली.

"हे असं घेऊन जाणार तुम्ही?" ती म्हणाली. "सुतळीबॉम्ब वाटेल लोकांना. दादाला सांगते. तो पेटीत बसवून देईल."

आता दादा. दादा म्हणजे बायकोचा मोठा भाऊ, राहायला अंबरनाथला. आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आयुष्यभर मेन्टेनन्सला होते, आता निवृत्त. खिशात पेनाच्या जागी टेस्टर. त्यांच्या हातचं काम म्हणजे काम. वायर अशी वळवतील, की वाटावं वेणी घातली आहे. आणि त्यांचे दोन नियम होते, जे मी लग्नापासून ऐकत आलो होतो. एक, मशीन चालू करताना आधी लहान मोटर, मग मोठी. उलटं केलंत तर फ्यूज गेलाच. दुसरा, मोकळी पिन वाऱ्यावर सोडायची नाही. एकदा म्हणे कारखान्यात कोणीतरी कंट्रोल कार्डाची एक पिन तशीच सोडली होती, तर जेवणाच्या सुट्टीत कोणी हात न लावता पट्टा सुरू झाला आणि सुपरवायझरचा डबा पॅकिंग होऊन गोडाऊनला गेला. तेव्हापासून दादा मोकळी पिन दिसली की तिला ग्राउंडला बांधतात. शिस्त म्हणजे शिस्त.

बायकोच्या मोठ्या भावाला नको म्हणायचं कसं, हे मला कुठल्याही भाषेत लिहिता आलेलं नाही. दादा आले, बोर्ड, तारा आणि माझी आकृती पिशवीत घालून घेऊन गेले.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी मी अंबरनाथला गेलो. टीपॉयवर पेटी ठेवली होती. काळी, गुळगुळीत, झाकणाला बारा स्क्रू, कोपरे घासून गोल केलेले. आठ वर्षांत माझ्या संशोधनाला एवढी इज्जत कोणी दिली नव्हती. मी बटणाकडे हात नेला.

"हात नका लावू दाजी, बटणं अजून कडक आहेत. मी दाखवतो." दादांनी दोन आणि पाच दिले. मधे दोन, पाच. उजवीकडे दोन, पाच. मग तीन-सात. मग एक-नऊ. सगळं चोख. "एकदम ओके," दादा म्हणाले. "आणि सुटसुटीत केलंय."

मी 'सुटसुटीत' ऐकलं आणि मान हलवली. वहिनींनी कांदेपोहे आणले होते. पोह्यांवर खोबरं होतं. माणूस कुठे लक्ष देईल?

दुसऱ्या दिवशी दादा स्वतः आले. निवृत्तीच्या समारंभाला शिवलेला सफारी अंगात, अंबरनाथपासून रिक्षात पेटी मांडीवर धरून. सेमिनार हॉलमध्ये शेवटच्या रांगेत हात बांधून बसले. समोर समिती, बाजूला मॅडम. बाहेरून आलेले परीक्षक सर मधे. बारीक अंगाचे, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं फार कमी.

मी रंगात आलो होतो, खोटं कशाला बोलू. भाषेचं सगळं सांगितलं, पुसायचं कसं नाही, संगमावरची पाटी, सात महिने. दोघं-तिघं हसले सुद्धा. मग मी पेटीवरचा रुमाल, हो, मी रुमाल झाकून ठेवला होता, जादूगारासारखा उचलला आणि म्हणालो, "सर, कुठलेही दोन आकडे सांगा."

"नऊ," परीक्षक सर म्हणाले, "आणि चार."

मी बटणं दाबली. डावीकडे नऊ, चार. मधे चार, नऊ. मी हात उजवीकडे पसरला, "आणि हे पाहा मूळ आकडे." सगळ्यांनी पाहिले. चार, नऊ.

हात तसाच पसरलेला राहिला. मी म्हणालो, "एक मिनिट." बंद करून चालू केलं. आठ-तीन दिले. तीन, आठ. सात-शून्य दिले. शून्य, सात. घाबरून दोन-पाच दिले, तर बेटे दोन, पाच.

"लहान आधी दिला की बरोबर येतंय," परीक्षक सर म्हणाले. "पण ते तर काही न करताही आलं असतं."

मी लॅपटॉप उघडला. प्रोग्राम सरळ चालवला, उलट चालवला. नऊ-चार गेले, नऊ-चार परत आले.

"इथे बरोबर आहे. पेटीत नाही," ते म्हणाले. "आणि आपलं ठरलं होतं पेटीचं." त्यांनी घड्याळ बघितलं. मॅडमनी खिडकीकडे बघितलं. त्या क्षणी मला कोणी वर्गाबाहेर काढलं असतं तर मी आनंदाने गेलो असतो.

"पेटी उघडता येईल?" मॅडमनी विचारलं.

बारा स्क्रू. माझ्याजवळ खडू होता. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून दादा पुढे आले, खिशातून टेस्टर काढला आणि एकेक स्क्रू काढून ओळीने टेबलावर मांडायला लागले. हॉलमध्ये तेवढाच आवाज. बारावा निघाला, झाकण उचललं आणि मी आत बघितलं.

काय सुंदर काम होतं. डाव्या बोर्डावरून उजव्या बोर्डावर करड्या रंगाची एक केबल गेली होती, मधे मधे दोऱ्याने बांधलेली. मी तारा मोजल्या. पुन्हा मोजल्या. आठ. आणि उजव्या बोर्डाची नववी पिन एका इवल्याशा, चकचकीत तुकड्याने ग्राउंडला बांधलेली. ग्राउंड म्हणजे कायमचं शून्य, म्हणजे उजव्या सर्किटाला कायमचा निरोप: अदलाबदल झालेली नाही, झोप.

परीक्षक सरही वाकून बघत होते. "तुमच्या आकृतीत नऊ आहेत. हे कोणी जोडलं?"

सांगू नये पण सांगतो, माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. आठ वर्षं वाचत होती, नाव घेतलं की संपलं. मी दादांकडे बघितलं. सफारीची इस्त्री मोडू नये म्हणून ते ताठ उभे होते, आणि आपलं काम एवढे मोठे लोक वाकून बघतायत याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. माझ्या तोंडून निघालं, "आम्ही."

"मी, साहेब," दादा म्हणाले. "केबल आठ कोरची होती माझ्याकडे, कारखान्यातली, ओरिजिनल. नवव्या तारेवर ना दिवा, ना आकडा. म्हटलं बघू तरी काय करते. काढली, तर दोन-पाच थरथरायला लागले. कधी दोन-पाच, कधी पाच-दोन. मी ओळखलं, पिन वाऱ्यावर आहे. ग्राउंड केली, एकदम शांत. तीन जोड्या लावून चेक केलं."

"लहान आधी?" परीक्षक सरांनी विचारलं.

"लहानच आधी लावायची असते साहेब," दादा म्हणाले. ह्यांना एवढंही माहीत नाही, असा सूर होता.

मी हळूच म्हणालो, "दादा, ती तार हवी होती."

"हवी होती?" त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी सफारीच्या खालच्या खिशात हात घातला आणि माझी जुनी पिवळी तार काढली, गोल गुंडाळलेली. "आहे ना. टाकतो कशाला? तांबं आहे आत."

सोल्डरिंग गन घरी राहिली होती. लॅबमध्ये होती, पण लॅबची किल्ली ज्यांच्याकडे ते निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेले होते. परीक्षक सर म्हणाले, "माझी गाडी खाली उभी आहे. आत्ता दाखवता आलं तर बघतो. नाहीतर मला लिहावं लागेल."

काय लिहावं लागेल, हे सगळ्यांना माहीत होतं. आठ वर्षं काही न विसरणारं सर्किट केलं आणि त्या वेळी मला माझं नाव आठवत नव्हतं.

दादांनी किल्ल्यांच्या जुडग्यातलं नेलकटर काढलं, तो चकचकीत तुकडा कट्‌कन तोडला, तारेची दोन्ही टोकं दातांनी सोलली, एक टोक डाव्या पिनला लावलं, दुसरं उजव्या पिनला, आणि दोन्हीकडे अंगठा दाबून ओणवे झाले. "मी धरतो. तुम्ही घ्या, दाजी."

मी नऊ-चार दिले. मधे चार, नऊ. उजवीकडे नऊ, चार.

मॅडमनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. पण परीक्षक सर आता खुर्चीतून उठले होते. त्यांनी मला बाजूला केलं आणि स्वतः बटणांशी बसले. सहा-एक. पाच-पाच. आठ-सात. मग वहीत लिहून घेत सगळ्या जोड्या ओळीने सुरू केल्या. आठ वर्षांत माझ्या कामात कोणी एवढा रस घेतला नव्हता, आणि घेतला तो नेमका अशा वेळी, की एक सत्तरीकडे झुकलेला माणूस दोन अंगठ्यांवर माझी पदवी धरून ओणवा उभा होता.

मी म्हणालो, "दादा, मी धरू का?" "हलवू नका मला," ते ओठ न हलवता म्हणाले. त्यांच्या नाकावर घामाचा थेंब आला. खिशातला फोन वाजायला लागला, कर्कश, थांबता थांबेना. माझी बायकोच असणार, काय झालं विचारायला. फोन छातीशी गुरगुरला, अंगठा जरासा सरकला आणि उजवीकडचे आकडे लटपटले. परीक्षक सरांनी बटणावरचं बोट थांबवून वर बघितलं. आकडे स्थिर झाले. त्यांनी पुढची जोडी दिली. मी काय करत होतो? मी दादांच्या नाकावरचा घाम रुमालाने टिपत होतो, त्याच जादूगाराच्या रुमालाने.

शेवटी परीक्षक सरांनी वही मिटली. चष्मा वर सरकवला आणि प्रश्न विचारला. मला नाही. मी त्या प्रश्नासाठी चाळीस स्लाइड तयार ठेवल्या होत्या. त्यांनी मान वाकडी करून ओणव्या दादांना विचारलं, "ही तार नेमकी करते काय, तुम्ही सांगा बरं."

मी तोंड उघडलं. मॅडमनी मला हाताने थांबवलं.

दादांनी मान न वळवता, दोन्ही अंगठे दाबून धरत उत्तर दिलं, "काय करते ते मला नाही माहीत साहेब, पण मी सोडली की दाजी नापास."